बुडालेली चिकटवही: स्कायलॅब, वेताळ आणि राकेश शर्मा (तुमचंही एक पान द्या)

मुगभाटकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे एक चिकटवही होती. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, पाठीला काळं कापड लावलेली. १९७९ ते १९८६ अशी सात वर्षं मी ती भरली. डाव्या पानावर अंतराळ: पेपरातली कात्रणं, रॉकेटांची चित्रं, तारखा. उजव्या पानावर इंद्रजाल कॉमिक्समधले वीर: वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम), मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, बहादूर. कॉमिक्स वाचनालयातून चार आणे रोजाने आणलेली असायची, त्यामुळे कापायचा प्रश्नच नव्हता. वर बटरपेपर ठेवून मी चित्रं गिरवून घ्यायचो आणि ती वहीत चिकटवायचो.

२६ जुलै २००५ ला वही गेली. तोवर आम्ही गिरगाव सोडून कलिन्याला तळमजल्यावर राहायला आलो होतो. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पलंगाखालची ट्रंक उघडेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. वहीची पानं एकमेकांत विरघळून गेली होती. एका कोपऱ्यात वेताळाच्या मुखवट्याचा तेवढा जांभळा डाग ओळखू येत होता. तेव्हा घरातलं धान्य, गाद्या, मुलीची पुस्तकं सगळंच गेलं होतं. वहीबद्दल मी कुणाजवळ काही बोललो नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे जून २०२५ मध्ये, शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोहोचले तेव्हा मात्र त्या वहीची फार आठवण झाली. आता ती पुन्हा भरायला घेतली आहे. कात्रणं परत मिळणार नाहीत, म्हणून आठवतं तसं लिहून काढतोय. तुमच्याजवळ एखादं पान असेल तर द्या. सुरुवात मी करतो.

पान पहिलं. स्कायलॅब. जुलै १९७९. मी सात वर्षांचा. अमेरिकेचं ७७ टनांचं अवकाशस्थानक खाली येतंय आणि कुठे पडेल ते कुणालाच ठाऊक नाही, एवढंच मोठ्यांच्या बोलण्यातून कळलं होतं. आमच्या आजीने देव पाण्यात ठेवले. आम्ही मुलं जिन्याखालच्या कोळशाच्या खोलीत जाऊन बसलो, कारण चाळीतली सगळ्यात भक्कम जागा तीच असं आमच्यातल्या सगळ्यात मोठ्याने ठरवलं होतं. तिथे तासभर एकच चर्चा: वेताळ काय करेल? तो जंगलातला माणूस, आभाळातून पडणाऱ्या वस्तूपुढे त्याचं काय चालणार? मँड्रेक नुसता भास निर्माण करतो, त्याने लोखंड थांबत नाही. शेवटी फ्लॅश गॉर्डनवर एकमत झालं, कारण त्याच्याकडे यान होतं.

११ जुलैला, आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले असताना, स्कायलॅब हिंदी महासागरावर आलं, फुटलं आणि त्याचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. सकाळी पेपर आला आणि आजीने देव पुसून देव्हाऱ्यात ठेवले. मी पहिलं कात्रण कापलं ते हे.

पान दुसरं. अंगठी. वेताळाच्या दोन अंगठ्या. उजव्या हातात कवटीची, जिचा ठसा गुन्हेगाराच्या जबड्यावर कायमचा उमटतो. डाव्या हातात शुभचिन्हाची, जिचा ठसा असलेल्या माणसाला कुणी हात लावायचा नाही. आमच्या मजल्यावरचे एक काका लेथवर काम करायचे. त्यांनी मला पितळी नटाची आटे घासून गुळगुळीत केलेली अंगठी करून दिली. वर छिन्नीने दोन डोळे आणि नाकाचं भोक. जांभळ्या शाईत बुडवून मी चाळीतल्या निम्म्या पोरांच्या गालावर कवटी उमटवली. ती अंगठी बोटातून निघेना तेव्हा आईने खोबरेल तेल लावून काढली. बोटावर हिरवट वर्तुळ राहिलं होतं, ते पुढे आठवडाभर मी कुणाला धुऊ दिलं नाही.

पान... क्रमांक आठवत नाही. ३ एप्रिल १९८४. मंगळवार. संध्याकाळी साडेसहानंतर बैकानूरहून सोयुझ टी-११ उडालं. आत युरी मालिशेव, गेन्नादी स्त्रेकालोव आणि आपले स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा. पुढे सल्यूत-७ वरून त्यांचं इंदिरा गांधींशी बोलणं झालं, ते आम्ही तळमजल्यावरच्या काकूंच्या टीव्हीवर पाहिलं. खोलीत तीस माणसं, खिडकीच्या गजांना लटकलेली आणखी दहा. वरून भारत कसा दिसतो, असं पंतप्रधानांनी विचारलं आणि ते म्हणाले, ‘सारे जहाँ से अच्छा’. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी मात्र गप्प झालो होतो. अंतराळातला माणूस हिंदीत बोलत होता! तोवर वाचलेले सगळे अंतराळवीर इंग्रजी नाहीतर रशियन बोलायचे, आणि त्यांचं बोलणं माझ्यापर्यंत कुणीतरी मराठीत आणून पोहोचवायचं. हा आवाज थेट आला. शाळेत हजेरी देताना लागतो तसा साधा आवाज.

त्या रात्री त्यांचा फोटो वहीत कुठे लावायचा ते ठरेना. डावीकडे अंतराळ, उजवीकडे वीर. शेवटी मी तो मधोमध, घडीवरच चिकटवला. वही मिटली की फोटो दुमडायचा. दोन-तीन वर्षांत त्यावर पांढरी चीर पडली, पण मी जागा बदलली नाही.

मंडळी, मला वाटतं आपल्या पिढीला हे दोन वेगळे विषय कधीच नव्हते. तुम्हाला काय वाटतं?

---

परळचा_भोंगा

मुगभाटकर, कोळशाच्या खोलीपाशीच मी वाचायचा थांबलो, डोळे पुसले आणि मग पुढे गेलो.

मी तुमच्यापेक्षा थोरला. माझं पान २१ जुलै १९६९ चं, वार सोमवार. मुंबईत टीव्ही आला २ ऑक्टोबर १९७२ ला, त्यामुळे आर्मस्ट्राँगचं पाऊल आम्ही ‘पाहिलं’ नाही. आपल्या घड्याळात तेव्हा सकाळचे साधारण साडेआठ वाजले होते. वडील रातपाळी करून मिलमधून आले होते. एरवी आले की चहा घेऊन आडवे व्हायचे, अंगावर कापसाचे तंतू तसेच. त्या दिवशी झोपले नाहीत. शेजारच्यांचा रेडिओ गॅलरीत आणला होता, त्याला कान लावून उभे राहिले. बातमी कळली तेव्हा त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं. पावसाळी, गच्च आभाळ, चंद्राचा पत्ता नाही. तरी सगळी चाळ वरच बघत होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरात आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स जगाच्या दौऱ्यात मुंबईला आले. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं होतं. दहा वर्षांचा घोडा मी, त्यांचे खांदे दुखले असणार. मला दिसली ती माणसांची डोकी आणि फार लांबवर हलणारे हात. ते हात त्यांचेच होते की नाही, देव जाणे. मी आयुष्यभर ‘मी पाहिलंय’ असंच सांगत आलो आणि पुढेही सांगणार.

इंद्रजालबद्दल थोडं. ती कॉमिक्स छापणारे आपल्या बोरीबंदरसमोरच्या टाइम्सच्या इमारतीतले. मार्च १९६४ ला पहिला अंक आला आणि तो वेताळाचाच होता. आमच्याकडे एका अंकाला सहा डोकी. पान कधी उलटायचं ते सगळ्यात सावकाश वाचणारा ठरवायचा, हा नियम. तो ‘हं’ म्हणाला की पान उलटायचं. त्याची अक्षरओळख कच्ची होती. बोट फिरवत वाचत वाचत, याच ‘हं’वर तो वाचायला शिकला. पुढे बेस्टमध्ये कंडक्टर झाला.

---

आझाद_वाचक

धागा सुंदर आहे, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. वेताळाची मूळ कथा बघा. गोरा खलाशी किनाऱ्याला लागतो आणि पुढच्या एकवीस पिढ्या काळ्या माणसांच्या जंगलावर राज्य करतात. जंगलातले लोक त्याला अमर समजून घाबरतात. मँड्रेकशेजारचा लोथार तर स्वतः राजपुत्र, पण वावरतो नोकरासारखा. लहानपणी कळत नव्हतं, ठीक आहे. आता मुलांच्या हातात ते देताना मला जड जातं. आपल्या भाषेत आणताना त्याचं नाव वेताळ झालं, देश डेंकाली झाला, पण कथेचा सांगाडा तोच राहिला.

माझ्या वहीत उजवीकडे बहादूर असता. १९७६ साली आबिद सुरतींनी लिहिलेला. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला, आणि त्याच पोलीस अधिकाऱ्याने वाढवलेला मुलगा. अंगात कुर्ता आणि खाली जीन्स. तो एकटा लढत नाही, गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभं करतो. मला तो पटायचा, कारण त्याच्यासारखं होता येण्यासारखं होतं.

आणि सुरतींचंच आणखी एक सांगतो. त्यांनी २००७ साली मीरा रोडला दर रविवारी प्लंबर बरोबर घेऊन घरोघर गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायला सुरुवात केली. थेंब थेंब पाणी वाचवायचं म्हणून. बहादूर लिहिणारा माणूस असा निघाला याचा मला फार आनंद आहे.

---

मुगभाटकर

आझाद, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते वहीत यायला हवं. मी वेताळाचं पान काढणार नाही, पण शेजारी तुमचे हे शब्द उतरवून ठेवतो. मला वेताळात राज्य कधी दिसलं नाही. मला दिसायचं ते एवढंच की बापाचं काम मुलगा हाती घेतो आणि जगाला वाटतं माणूस तोच आहे. आमच्या चाळीत सगळ्यांचे बाप एकसारखे दमून यायचे. कदाचित म्हणून ते भिडलं असेल.

सुरतींच्या नळांसाठी वेगळं पान.

---

डोंबिवलीची_लेक

मुगभाटकरदादा, आमच्या घरी कॉमिक्स दादासाठी यायची. मला ती दुपारी, तो क्रिकेटला गेला की मिळायची, तीही पान न दुमडता वाचायच्या अटीवर. त्यामुळे माझी वीर वेगळी निघाली. वेताळाची डायना! ऑलिंपिकमध्ये सूर मारलेली, संयुक्त राष्ट्रांत नोकरी करणारी, एकटी विमानाने हिंडणारी. डोंबिवलीहून व्हीटीला लेडीज डब्यातून नोकरीला जाणाऱ्या माझ्या मावशीच्या आणि तिच्या चालण्यात मला काहीतरी सारखं दिसायचं.

अंतराळ मला वरळीच्या नेहरू तारांगणात भेटलं. १९७७ च्या मार्चमध्ये ते सुरू झालं, आमची शाळेची सहल गेली त्याच्या पुढच्या वर्षी. दिवे मालवले आणि खोलीच्या मधोमध उभा असलेला तो काळा, दोन डोक्यांच्या मुंगीसारखा प्रोजेक्टर हलायला लागला. घुमटभर तारे. माझ्या शेजारच्या मुलीने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. बाहेर आलो तर भर दुपार आणि हाजी अलीच्या बाजूने येणारा खारा वारा. डोंबिवलीला तेव्हा गच्चीवरून बरेच तारे दिसायचे, पण त्यांना नावं असतात हे मला त्या दिवशी कळलं.

माझं पान कल्पना चावलाचं आहे. १९ नोव्हेंबर १९९७ ला ती पहिल्यांदा गेली तेव्हा मी शिक्षिका होते. वर्गात तिचा फोटो लावला. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया उतरायला सोळा मिनिटं उरलेली असताना तुटलं. सोमवारी शाळेत गेले तर मुलींनी फोटोला हार घातलेला. मी हार काढायला लावला नाही, पण फोटो खालीही घेतला नाही. मी निवृत्त झाले तेव्हाही तो तिथेच होता.

---

तानपुरा

वहीला एक पान माझ्याकडून, आणि ते डावं-उजवं दोन्ही आहे.

१९७७ मध्ये व्हॉयेजर-२ (२० ऑगस्ट) आणि व्हॉयेजर-१ (५ सप्टेंबर) निघाली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यात पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठी आहे. आणि संगीतात, बाख आणि बीथोवनबरोबर, भारतातून एकच आवाज आहे: सुरश्री केसरबाई केरकर. राग भैरवी, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटं.

केसरबाई मूळच्या गोव्यातल्या केरीच्या, राहायच्या मुंबईत. अल्लादियाखाँसाहेबांची तालीम. ध्वनिमुद्रणाचा त्यांना मनापासून तिटकारा, म्हणून त्यांच्या तबकड्या मोजक्याच आहेत. १६ सप्टेंबर १९७७ ला त्या मुंबईत गेल्या. व्हॉयेजर-१ निघून अकरा दिवस झाले होते.

माझी आजी त्यांच्या मैफली ऐकलेली. ती सांगायची, बाई मायक्रोफोन लावू द्यायच्या नाहीत. ज्याला ऐकायचंय त्याने पुढे येऊन बसावं. त्यांचा आवाज आज माणसाने बनवलेल्या सगळ्यात दूरच्या वस्तूवर आहे. व्हॉयेजर-१ ने २०१२ च्या ऑगस्टमध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडली. कुठे जातेस एकटी, असं विचारणारी भैरवी घेऊन ते यान एकटंच चाललंय. मी पहाटे रियाजाला बसते तेव्हा कधी कधी हे आठवतं आणि षड्ज लावायला दोन क्षण उशीर होतो.

---

चेंबूरचा_साबू

इथे सगळ्यात लहान मीच दिसतोय. जन्म १९८५. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं, त्यामुळे आमचे वीर हिंदीतून आले. चेंबूर स्टेशनबाहेरच्या रद्दीवाल्याकडे दोन जुनी दिली की एक मिळायचं. डोगा तर आपल्या मुंबईचाच, गटारांच्या बोगद्यांतून फिरणारा. पावसाळ्यात मॅनहोलचं झाकण बघितलं की मी बाजूने जायचो, न जाणो तो वर येत असेल.

पण माझं पान साबूचं. चाचा चौधरींचा साबू गुरू ग्रहावरचा, हे सगळ्यांना माहीत आहे. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे एकवीस तुकडे एकापाठोपाठ एक गुरूवर आदळले. सोळा तारखेपासून बावीस तारखेपर्यंत. पेपरात फोटो आले, गुरूवर काळे डाग, त्यातले काही पृथ्वीपेक्षा मोठे. मी नऊ वर्षांचा. साबूचे आईबाप तिथे असतील, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

बाबांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते मला घेऊन बसले. गुरूला जमीनच नसते, सगळा वायूचा गोळा, तिथे घर बांधता येत नाही, हे त्यांनी समजावलं. मी विचारलं, मग साबू कुठे जन्मला? बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘गुरूच्या एखाद्या चंद्रावर असेल.’ त्या रात्री त्यांनी मला आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो ही चार नावं पाठ करून घेतली. मी आज भौतिकशास्त्र शिकवतो. गॅलिलिओचे चंद्र शिकवताना चारही नावं मी त्याच क्रमाने, बाबांच्याच चालीत म्हणतो.

---

विक्रोळी_पूर्व

साबू, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

माझे वडील विक्रोळीला टर्नर होते. हयातभर लेथ. घरी कामाबद्दल बोलायचे नाहीत, एकदाच बोलले. एका भागाचं काम आलं होतं, त्यावर फक्त ड्रॉइंग नंबर होता, कशाचा भाग आहे ते सांगितलेलं नव्हतं. तपासणीत तीन वेळा परत आला. वडील म्हणाले, ‘केसाच्या दहाव्या हिश्शाइतकी चूक आहे आणि ते घेत नाहीत, म्हणजे हे वर जाणारं असणार.’ चौथ्या वेळी पास झाला. त्या दिवशी त्यांनी घरी पेढे आणले होते आणि कारण विचारल्यावर नुसतं वर बोट दाखवलं.

इस्रोच्या रॉकेटांना लागणारी विकास इंजिनं विक्रोळीत गोदरेजमध्ये बनतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. चांद्रयान-३ ला नेणाऱ्या एलव्हीएम-३ च्या मधल्या टप्प्यात तशी दोन इंजिनं होती. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम उतरलं तेव्हा वडील नव्हते. आईने त्यांच्या फोटोसमोर पेढा ठेवला. वडिलांनी केलेला तो भाग कुठे गेला, रॉकेटात की आणखी कशात, आम्हाला कधीच कळणार नाही. पण मुगभाटकर, तुमच्या त्या अंगठी करून देणाऱ्या लेथवाल्या काकांबद्दल वाचलं आणि हे लिहावंसं वाटलं.

माझ्याकडे जुनी दोन रुपयांची नोट आहे, मागे आर्यभट्ट उपग्रह असलेली. १९ एप्रिल १९७५ चा आपला पहिला उपग्रह. नोट वडिलांच्या पाकिटात सापडली. वहीसाठी देईन.

---

मुगभाटकर

विक्रोळीकर, नोट तुमच्याजवळच राहू दे. मी येऊन तिच्यावर बटरपेपर ठेवून गिरवून नेतो, पूर्वीसारखं. ती पाकिटातून बाहेर काढायला नको.

मंडळी, चार दिवसांत वही चौदा पानं भरली. परळच्या काकांचा ‘हं’, डोंबिवलीच्या ताईंच्या वर्गातला फोटो, केसरबाई, साबूचे चंद्र. एक पान अजून लिहवत नाही, २८ जानेवारी १९८६ चं. चॅलेंजर ७३ सेकंदांत गेलं, सात माणसं, त्यात एक शिक्षिका. जुन्या वहीतलं ते शेवटचं कात्रण होतं. त्यानंतर मी काही चिकटवलंच नाही. यावेळी त्या पानानंतरही पानं असतील, एवढं ठरवलं आहे.

आता एक व्यावहारिक शंका. आमच्या मूळ वहीत मैद्याची खळ होती, तिला झुरळं लागायची. बाजारातल्या गोंदाने कागद पिवळा पडतो आणि कडक होतो. ही वही टिकायला हवी. कुणाला काही माहीत आहे?

---

परळचा_भोंगा

खळच करा, दुसरं काही नको. माझे चुलते बुकबाइंडर होते, लालबागला. मैदा थंड पाण्यात आधी गुठळी न ठेवता कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक दिसायला लागला की उतरवायचा. उतरवताना त्यात चिमूटभर मोरचूद घालायचा. झुरळं, कसर, काही जवळ येत नाही. मोरचूद विषारी असतो, तेव्हा घरच्या पातेल्यात करू नका आणि नातवंडांचे हात लागू देऊ नका. खळ थंड झाल्यावर पातळ हात फिरवा आणि पानं मिटण्याआधी रात्रभर उघडी ठेवा.

आणि राकेश शर्मांचा फोटो पुन्हा घडीवरच लावणार असाल तर खाली आधी मलमलीची पट्टी चिकटवा. मग चीर पडणार नाही. पट्टी मी कापून पाठवतो, घरी चुलत्यांच्या वेळची आहे.